कट्ट्यावरचे, चालणारे आणि भटकणारे

शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची एक फेरी साधारण १.२ किलोमीटरची भरते. माझे बाबा रोज सकाळी अशा चार फेऱ्या मारतात, घड्याळ लावून, एका तासात. नोकरीभर हिशोब तपासण्यात गेलेला माणूस, त्यामुळे फेऱ्यांचाही हिशोब असतो. एकदा चालताना त्यांनी विचारलं, "अगं, तू ते सिम्प्लेक्टिक का काय वाचत बसतेस, ते एका फेरीत सांगून होईल का?"

एका फेरीत काही ते झालं नाही. पण उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नाही. आम्ही त्याच्याभोवतीच चालत होतो.

कट्टा म्हणजे एक वर्तुळ आहे असं धरू. (त्याला कोपरे आहेत, मान्य. एवढी सूट गणितात चालते.) कोण कुठे आहे हे सांगायला एक आकडा पुरतो: उद्यान गणेशाच्या देवळापासून कडेकडेने मोजलं तर किती मीटर. पण साडेसहाला काढलेल्या फोटोवरून पावणेसातला कोण कुठे असेल हे सांगता येणार नाही. फोटोत बाबा आणि त्यांना मागे टाकून पळत जाणारा मुलगा एकाच जागी दिसतील. त्यांच्यातला फरक सांगायला दुसरा आकडा लागतो, वेगाचा. उलट्या दिशेने चालणाऱ्यांसाठी तो ऋण धरायचा.

आता वर्तुळाच्या प्रत्येक बिंदूवर एक उभी रेघ काढा आणि वेग त्या रेघेवर मांडा. रेघा लांबच लांब, वर आणि खालीही. सगळ्या मिळून एक न संपणारं नळकांडं तयार होतं. पार्कातला प्रत्येक माणूस या नळकांड्यावरचा एक ठिपका. पळणारा मुलगा बराच वर, बाबा त्याच्या खाली, उलटे चालणारे काका शून्याच्या खालच्या अंगाला. आणि बरोबर शून्यावर, ठिपका न हलवता, कट्ट्यावर पेपर वाचत बसलेली मंडळी. या शेवटच्यांना विसरू नका. पुढे त्यांचं काम आहे.

हे नळकांडं म्हणजे वर्तुळाचं कोटॅन्जंट बंडल. म्हणजे जवळजवळ. उभ्या रेघेवर मी वेग मांडला, खरं तर तिथे संवेग मांडायला हवा. वर्तुळावर दोन्ही सारखेच दिसतात म्हणून लोक फरक सांगत नाहीत, आणि मी एम.एस्सी.ला नेमकी याच जागी अडकले होते. तेव्हा इथे जरा थांबते.

वेग म्हणजे बाण: इतकं पूर्वेला, इतकं उत्तरेला. संवेग ही वेगळ्या जातीची वस्तू आहे. तो दरपत्रकासारखा असतो: पूर्वेला एक पाऊल टाकलंत तर इतके, उत्तरेला टाकलंत तर इतके. दरपत्रकाला बाण दाखवला की ते एक आकडा देतं, टॅक्सीच्या मीटरसारखं. हॅमिल्टनने १८३०च्या दशकात यंत्रशास्त्राची मांडणी केली तेव्हा त्यात हेच दडलेलं होतं. प्रवासाचं शेवटचं टोक जरासं सरकवलं तर एकूण 'क्रिया' (अख्ख्या प्रवासाला दिलेला एक आकडा, तो कसा मोजतात ते पुढे येईल) किती बदलते, तो दर म्हणजे संवेग. बाणाचं दरपत्रक करायचं तर अंतर मोजायची पट्टी लागते, वस्तुमान लागतं. दरपत्रकं मुळातच हाताशी असतील तर यातलं काहीच लागत नाही.

कोटॅन्जंट बंडल म्हणजे 'जागा आणि तिथलं एक दरपत्रक' अशा सगळ्या जोड्यांचा संच. यातली गंमत अशी की या संचात तुम्ही फिरायला निघालात तर मीटरला बाहेरून दर विचारावा लागत नाही. ज्या बिंदूवर उभे आहात त्याच्यावरच तो लिहिलेला असतो. परिवहन खात्याचा संबंध नाही, पट्टीचा नाही, वजनकाट्याचाही नाही. कुठलाही गुळगुळीत आकार घ्या, त्याच्या कोटॅन्जंट बंडलला हा मीटर जन्मतःच मिळतो.

बाबांना आकड्यांशिवाय पटत नाही, म्हणून आकडे. नळकांड्यावर, दर ५ च्या उंचीवरून, उजवीकडे १० मीटर गेलो: मीटर ५० झाला. मग जागा न सोडता दर ५ वरून ३ वर आणला. जागाच बदलली नाही, मीटर जागच्या जागी. आता दर ३ ने १० मीटर मागे आलो: ३० वजा झाले. पुन्हा दर ३ वरून ५ वर नेला. मूळ बिंदूवर परत आलो आणि मीटरवर २० उरले. आमच्या वाटेने जो आयत घेरला तो १० लांब आणि २ उंच. क्षेत्रफळ २०.

"म्हणजे फिरून जागेवर आलं तरी हिशोब शून्य होत नाही," बाबा म्हणाले. नाही होत. जे उरतं ते घेरलेलं क्षेत्रफळ असतं, आणि सिम्प्लेक्टिक भूमिती या क्षेत्रफळाचीच भूमिती आहे. नेहमीच्या भूमितीत लांबी असते, कोन असतो. इथे दोन्ही नाहीत. जागेचा एक घटक आणि त्याच्या जोडीचा दर एवढ्यांनी मिळून घेरलेलं क्षेत्रफळ, बस्स. मोकळ्या मैदानावर चालायचं असेल तर जोड्या दोन: पूर्व-पश्चिम जागेबरोबर पूर्व-पश्चिम दर, उत्तर-दक्षिण जागेबरोबर उत्तर-दक्षिण दर. कोटॅन्जंट बंडल मग चार मितींचं होतं.

नावाचा किस्सा छोटा आहे. या भूमितीतल्या सममितींच्या समूहाला आधी 'कॉम्प्लेक्स ग्रुप' म्हणत. कॉम्प्लेक्स म्हणजे संमिश्र संख्यांशी त्याचा घोळ व्हायला लागला. मग हर्मान वाइल यांनी १९३९ साली त्या लॅटिन शब्दाचा ग्रीक जुळा भाऊ उचलला: सिम्प्लेक्टिक. दोन्हींचा मूळ अर्थ एकत्र गुंफलेलं. दादरच्या फूलबाजारात गजरा ओवताना बघितलंत तर शब्द लक्षात राहील, कारण जागा आणि दर यांच्या जोड्या अगदी तशाच एकमेकींत ओवलेल्या असतात.

हे क्षेत्रफळ महत्त्वाचं का, तर गती त्याला धक्का लावत नाही. पार्कातलं साधं उदाहरण घ्या. देवळाजवळच्या १०० मीटरच्या पट्ट्यात, तासाला ४ ते ५ किलोमीटर वेगाने चालणारे सगळे लोक निवडा. नळकांड्यावर तो एक आयत. दहा मिनिटांनी वरच्या कडेचे पुढे गेलेले असतात, खालच्या कडेचे मागे रेंगाळलेले. आयत तिरका झाला, ओढला गेला, पण त्याचं क्षेत्रफळ तेवढंच राहिलं. लिऊव्हिलच्या प्रमेयाचा हा धाकटा नमुना. वरच्या मितींत तर याहून कडक शिस्त आहे. मिखाइल ग्रोमॉव्ह यांनी १९८५ साली दाखवलं की सिम्प्लेक्टिक नियम पाळून एखादा गोळा त्याच्यापेक्षा अरुंद नळीत कोंबताच येत नाही, नळी कितीही लांब असली तरी. घनफळाच्या दृष्टीने जागा भरपूर असते आणि तरीही नाही. विरार फास्टमध्ये शिरणाऱ्यांना हे पटणार नाही, पण त्यांना कोणी सिम्प्लेक्टिक असायची अट घातलेली नाही.

आता मूळ गोष्टीकडे: नियमाने चालणारे आणि वाटेल तसे भटकणारे यांच्यातलं नातं. पार्कात नियम असा की कोणीही वेग बदलायचा नाही. साडेसहाला सगळ्यांचे ठिपके मांडा, साडेसातला पुन्हा मांडा. कोणाचा ठिपका नेमका सुरुवातीच्या जागी आला असेल?

तासाला १.२ किलोमीटरने चालणाऱ्यांचा आला असेल, त्यांची एक फेरी झाली. २.४ वाल्यांच्या दोन. बाबा ४.८ वर आहेत, चार. तासाला ३ किलोमीटर चालणाऱ्या काकू अडीच फेऱ्या मारून पार्कच्या समोरच्या बाजूला पोचल्या, त्या नाहीत. उलट्या दिशेनेही असंच. आणि कट्ट्यावर बसलेले? तेही आले, ते हललेच नव्हते. प्रत्येक पूर्णांकासाठी एकेक गट, आणि प्रत्येक गटात पार्काएवढं एक वर्तुळ, कारण सुरुवात कट्ट्यावर कुठूनही करता येते. नियमाने चालून परत येणाऱ्यांची यादी संपली.

नियमाने ठरणाऱ्या वाटांची भूमिती म्हटलं की मुंबईत एक नाव काढावंच लागतं. दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून आपल्याला माहीत असलेले कोसंबी गणिती होते आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९४५ ते १९६२ अशी वर्षं होती. पुण्याहून डेक्कन क्वीनने जाऊन-येऊन करत. त्यांचा १९३३ सालचा निबंध अशाच प्रश्नावर आहे: वाटा ज्या समीकरणाने ठरतात तेवढंच हातात असेल, तर त्यातून भूमिती किती काढता येते? त्याच अंकात, त्या निबंधाच्या लगेच पुढे, थोर फ्रेंच गणिती एली कार्तान यांचं टिपण छापलेलं आहे. पुढे चर्न यांची भर पडून तो सिद्धान्त कोसंबी–कार्तान–चर्न या नावाने ओळखला जाऊ लागला. इथे मी सांगते आहे ती फांदी वेगळी आहे, पण झाड फार लांबचं नाही.

आता नियम सोडून द्या. साडेसहाला कट्ट्यावर कुठेही उभे राहा, साडेसातला त्याच जागी परत या, मधल्या वेळात वाटेल ते करा. दोन पावलं पुढे, ओळखीचं कोणी भेटलं म्हणून चार मागे, मग पळत सुटा, समर्थ व्यायाम मंदिराशी दहा मिनिटं मल्लखांब बघत थांबा. कट्टा सोडायचा नाही आणि मधेच गायब व्हायचं नाही, एवढीच अट. अशा प्रत्येक भटकंतीला एक बिंदू माना. सगळ्या भटकंत्या मिळून जो अवकाश होतो तो लूप स्पेस, फेऱ्यांचा अवकाश. तो भयानक मोठा असतो, अनंत मितींचा. नळकांड्यावरचा ठिपका सांगायला दोन आकडे पुरले होते. भटकंती सांगायला प्रत्येक क्षणाची जागा सांगावी लागते.

पण या राक्षसाचा सांगाडा साधा निघतो. दोन भटकंत्या हळूहळू वाकवत एकीची दुसरी करता येते का, एवढंच विचारा. पुढे-मागे केलेलं एकमेकांत कापलं जातं, थांबे पुसले जातात, उरतात फक्त निव्वळ फेऱ्या. चार फेऱ्यांच्या भटकंतीची तीन फेऱ्यांची कधीच होणार नाही, ताणा किंवा दाबा. म्हणजे हा अवकाश तुकड्यांत विभागला आहे, प्रत्येक पूर्णांकाचा एक तुकडा. आणि प्रत्येक तुकडा आवळत नेला तर शेवटी एक वर्तुळ उरतं: सुरुवात कुठून केली त्याचं.

पूर्णांकागणिक एकेक वर्तुळ. नियमाने चालणाऱ्यांची यादीही हीच होती.

क्लोद व्हितेर्बो यांनी १९९०च्या दशकात सांगितलेलं प्रमेय याचंच मोठं रूप आहे. कुठलाही बंदिस्त गुळगुळीत आकार घ्या. त्याच्या कोटॅन्जंट बंडलमध्ये नियमाने फिरून परत येणाऱ्या गतींवरून एक बीजगणिती यंत्र उभं करता येतं, त्याला सिम्प्लेक्टिक होमॉलॉजी म्हणतात. आणि त्या आकारावरच्या वाटेल तशा भटकंत्यांच्या अवकाशात किती तुकडे, किती भोकं, किती पोकळ्या हे मोजणारं दुसरं यंत्र असतं. प्रमेय म्हणतं, दोन्ही यंत्रांतून एकच उत्तर येतं. त्यात कट्ट्यावर बसलेल्यांचा वाटा म्हणजे मूळ आकार स्वतः, कारण न हलणारी फेरी म्हणजे फक्त एक जागा.

हे खरं का असावं? पार्कापुरतं उत्तर सोपं आहे आणि मला ते फार आवडतं. प्रत्येक भटकंतीला एक 'खर्च' द्या: वेगाचा वर्ग करून तासभराची बेरीज. धावलं, थांबलं, उलटं फिरलं की खर्च वाढतो. चार निव्वळ फेऱ्यांच्या ज्या असंख्य भटकंत्या आहेत त्यांत सगळ्यांत कमी खर्चाची कुठली? एकसारख्या वेगाने चार फेऱ्या. म्हणजे बाबांची. भटकंत्यांचा तो अख्खा तुकडा म्हणजे एक दरी आहे, आणि पाणी जसं उताराने तळाला जातं तशी प्रत्येक भटकंती खर्च कमी करत करत शिस्तीच्या चालीपाशी येऊन थांबते.

वर्तुळ सोडलं की दऱ्या पुरत नाहीत, खिंडी आणि शिखरंही मोजावी लागतात. हे शास्त्र मार्स्टन मोर्स यांचं, पण त्याचं बीज मॅक्सवेल यांच्या १८७० सालच्या टेकड्या-दऱ्यांवरच्या लेखात दिसतं. मुंबईकरांना समजावणं सोपं आहे, कारण आपलं शहरच मुळात सात बेटांचं. समुद्र चढतोय अशी कल्पना करा. दोन टेकड्यांमधली खिंड बुडाली की एका बेटाची दोन होतात. टेकडीचं शिखर बुडालं की एक बेट नाहीसं होतं. मधल्या उतारांवर पाणी कितीही चढो, आकारात फरक पडत नाही. म्हणजे शिखरं, खिंडी आणि खळगे एवढीच ठिकाणं मोजली तरी भूभागाचं रूप कळतं. एका बेटावर शिखरांच्या संख्येतून खिंडींची वजा करून खळग्यांची मिळवली तर उत्तर नेहमी १. बाबांनी लगेच ताडून पाहिलं: एक टेकडी, १. दोन टेकड्या, मधे एक खिंड, २ वजा १, पुन्हा १. ताळा जमला म्हणून खूश.

फेऱ्यांच्या अवकाशात खिंड कशी दिसते? नारळ घ्या आणि एक रबरबँड. नारळावर कुठलीही वळी गुंडाळा, ती सरकवत सरकवत शेंडीकडून काढून घेता येते. म्हणजे इथे तुकडा एकच, सगळ्या फेऱ्या आवळून ठिपका होतात. मग एकच दरी, आणि तळाशी फक्त बसून राहणारे? नाही. रबरबँड एका टोकाच्या ठिपक्यापासून सुरू करून, पूर्ण नारळ पार करत, दुसऱ्या टोकाच्या ठिपक्यापर्यंत न्या. मधे कुठेतरी त्याला सगळ्यांत जास्त ताणावं लागेलच. तो कमाल ताण जितका कमी ठेवता येईल तितका कमी ठेवा. त्या क्षणी रबरबँड जिथे असतो तिथे तो पुढेही घसरत नाही, मागेही नाही. ती खिंड. आणि ती नारळावरची अशी वाट असते की तिच्यावर सरळ चालत राहिलं की आपण मूळ जागी, मूळ दिशेने परत येतो. बर्कहॉफ यांनी १९१७ साली याच युक्तीने सिद्ध केलं की गोलाचा कितीही वेडावाकडा केलेला पृष्ठभाग असला तरी अशी एक बंद सरळ वाट त्याच्यावर असतेच. लुस्टर्निक आणि फेट यांनी १९५१ साली ते प्रत्येक बंदिस्त आकाराला लागू केलं.

इथपर्यंत सगळं जमिनीवर चाललं होतं. अडचण वर, कोटॅन्जंट बंडलमध्ये आहे. तिथल्या भटकंतीत जागा आणि दर दोन्ही मोकाट, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. खर्चाऐवजी तिथे 'क्रिया' मोजतात: मीटरची एकूण रक्कम वजा तासभराची ऊर्जा. आणि या भूभागाला तळच नाही. नियमाने चालणाऱ्या कुठल्याही गतीवर उभं राहा, तिथून खाली जाणाऱ्या दिशा अनंत आणि वर जाणाऱ्याही अनंत. पाणी चढवायचं म्हटलं तरी कुठून सुरू करणार? मोर्सचा सगळा हिशोब इथे कोलमडतो.

यातून वाट काढली आंद्रेआस फ्लोअर यांनी, १९८०च्या दशकाच्या शेवटी. त्यांनी भूभागाकडे बघणंच सोडलं. दोन गती घ्यायच्या आणि त्यांच्यामध्ये साबणाच्या पाण्याच्या पडद्यासारख्या ताणलेल्या नळ्या किती बसतात तेवढं मोजायचं. अशा पडद्यांचं तंत्र ग्रोमॉव्ह यांच्या त्याच १९८५ सालच्या कामातलं. नळ्यांची संख्या आटोक्यात राहते आणि तिच्यातून होमॉलॉजी बांधता येते. फ्लोअर १९९१ साली, ३४व्या वर्षी गेले. आज सिम्प्लेक्टिक भूमितीतलं निम्मंअधिक काम त्यांच्या कल्पनेवर उभं आहे असं मी म्हटलं तर फारसं कोणी भांडणार नाही.

व्हितेर्बोच्या प्रमेयाचे तपशीलवार पुरावे २००६ साली छापून आले, एक डीटमार सालामोन आणि योआ वेबर यांचा, दुसरा अल्बेर्तो अब्बोन्दान्दोलो आणि मथियास श्वार्त्स यांचा. दुसऱ्यातली युक्ती मला विशेष देखणी वाटते. ते पूर्ण नळी घेतच नाहीत, अर्धी घेतात. तिचं एक टोक वर, नियमाच्या गतीला चिकटलेलं. दुसरं टोक मोकळं, पण त्याची सावली खाली मूळ आकारावर पडते, आणि ती सावली म्हणजे साधी भटकंती. मग ती भटकंती कुठल्या सरळ वाटेपासून उताराने घरंगळत तिथे आलेली आहे ते बघायचं. वरची यादी आणि खालची यादी यांना जोडणारा पूल असा तयार होतो. एक चूक मात्र राहून गेली होती, अधिक-उणे चिन्हांची. काही वळणदार आकारांवर चिन्हं नीट जुळवायला एक जास्तीचा पीळ द्यावा लागतो, हे थॉमस क्राग यांच्या कामातून पुढे आलं आणि विधान दुरुस्त झालं. "ताळेबंदात चिन्हाचीच चूक सगळ्यांत उशिरा सापडते," यावर बाबांचं मत.

जुळणी मोजणीपुरतीच नाही. मॉयरा चास आणि डेनिस सलिव्हन यांनी १९९९ साली फेऱ्यांचा गुणाकार सांगितला: दोन फेऱ्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे त्या जोडून एक मोठी फेरी करायची. वरच्या मजल्यावर त्याचं रूप म्हणजे विजारीच्या आकाराचा पडदा, दोन पायांना दोन गती आणि कमरेला तिसरी. दोन्ही गुणाकार एकच निघतात. आणि फेरी कुठूनही सुरू न करता रोज एकाच घरून निघून त्याच घरी परत यायचं ठरवलं, जसा आपला डबा येतो, तर त्याचंही वरचं जुळं आहे: एका जागेवरची सगळी दरपत्रकं घेऊन केलेली मोजणी. हे मोहम्मद अबूझैद यांचं काम. त्यांनीच २०१२ साली आणखी एक चकित करणारी गोष्ट दाखवली. वरच्या मितींत काही गोल असे असतात की ते गोलासारखे आवळता-ताणता येतात पण गुळगुळीतपणाच्या बाबतीत नेहमीच्या गोलापेक्षा वेगळे असतात. ९, १३, १७ अशा क्रमातल्या मितींमध्ये यातल्या काहींचं कोटॅन्जंट बंडल सिम्प्लेक्टिक डोळ्यांनी नेहमीच्या गोलाच्या बंडलपेक्षा वेगळं दिसतं. साध्या डोळ्यांना दोन्ही बंडल एकच. म्हणजे दरपत्रकांच्या मीटरने असा फरक पकडला जो एरवी वर पोचतच नव्हता.

चौथ्या फेरीत बाबा थांबले. "एक सांग. तू चार फेऱ्या वेगळ्या मोजल्यास, तीन वेगळ्या. पण वाट तर एकच ना? कट्टा एकच आहे."

प्रश्न नेमका होता. या सिद्धान्ताची दुखरी जागा हीच. यंत्र एकाच वाटेच्या पहिल्या, दुसऱ्या, दहाव्या फेरीला वेगवेगळं मोजतं, त्यामुळे यादी अनंत असूनही वाटा मोजक्याच असू शकतात. ग्रोमॉल आणि मायर यांनी १९६९ साली यातून मार्ग काढला: फेऱ्यांच्या अवकाशातल्या पोकळ्यांची संख्या मिती वाढेल तशी बेसुमार वाढत असेल, तर एकाच वाटेच्या पुनरावृत्तीने ती भरून काढता येत नाही, खरोखर वेगळ्या वाटा अनंत असाव्याच लागतात. बऱ्याच आकारांचं काम यात होऊन जातं. गोलाचं होत नाही. गोलावर ती संख्या बेताचीच राहते.

आणि कारण खोटं नाही. गोलावर एका आसाभोवती गोल फिरणारा एकसारखा वारा सोडा, त्याची गती नीट निवडा. मरीन ड्राइव्हवर पावसाळ्यात चालणाऱ्याला माहीत असतं, वाऱ्याबरोबरची वाट आणि वाऱ्याविरुद्धची वाट सारखी राहत नाही. अनातोल कातोक यांनी १९७३ साली दाखवलं की अशा वाऱ्यात असंख्य बंद वाटांपैकी फक्त दोन उरतात: विषुववृत्त वाऱ्याबरोबर, आणि विषुववृत्त वाऱ्याविरुद्ध. कोटॅन्जंट बंडलला वारा आहे की नाही याने फरक पडत नाही, त्याची मोजणी तीच राहते. त्यामुळे निव्वळ तिच्या बळावर 'अनंत वाटा' असं म्हणता येणार नाही.

वारा नसेल तर गोलाच्या पृष्ठभागावर, तो कितीही चेपलेला असला तरी, वाटा अनंत असतात. फ्रँक्स आणि बांगर्ट यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते वेगळ्याच मार्गाने सिद्ध केलं.

"आणि त्याच्या वरच्या मितीत? तीन मितींचा गोल?"

तिथे वारा नसतानाही, गोल कसाही चेपला तरी लागू होणारं उत्तर अजून कुणाला सापडलेलं नाही. बाबांनी घड्याळ बघितलं. बोलण्यात वेग पडला होता, तास संपला तेव्हा आम्ही देवळापासून तीनशे मीटर अलीकडे होतो, म्हणजे पावणेचार फेऱ्या. "आज यादीत नाव नाही," म्हणाले, आणि उरलेली पाव फेरी पूर्ण करायला निघाले.